गवताच्या मुळाशी चाललेला विजेचा हिशेब

किनाऱ्याकडून अल ऐनच्या दिशेनं आत जाऊ लागलं की अमिरातीतल्या वाळूचा रंग पालटत जातो. समुद्राजवळ ती पांढरट असते, शंखशिंपल्यांच्या चुऱ्यानं भरलेली. आत शिरावं तशी ती पिवळी होते, मग तांबूस, आणि अल ऐनच्या आसपासच्या काही टेकड्या तर गडद तांबड्या दिसतात. ही लाली लोहाची. वाळूच्या कणाकणावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप चढलेला असतो. आणि अशाच वाळूत पाणी देऊन वाढवलेल्या पिकाची कोवळी पानं पुष्कळदा पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे चुनखडीच्या रानात ऊस असा पिवळा पडला की शेतकरी म्हणतात, केवडा पडला. दोन्हीकडे कारण एकच, लोहाची उपासमार. लोहात मुळं रोवून उभं असलेलं रोप लोहासाठी भुकेलं!

याचा दोष चुनखडीकडे जातो. अमिरातीच्या वाळूत चुना भरपूर, त्यामुळे मातीचा सामू सहसा 8 च्या वर. सामू एका अंकानं चढला की पाण्यात विरघळू शकणारं लोह हजार पटीनं घटतं. दहा पटीनं नव्हे, हजार पटीनं. म्हणजे 6 सामूच्या मातीतून 8 च्या मातीत गेलेल्या मुळाला दहा लाखांतला एक वाटा मिळतो. लोह तिथेच असतं, पण दगडाच्या रूपात, आणि मूळ दगड खाऊ शकत नाही.

इथपर्यंतची गोष्ट शेतीच्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. मला थक्क करते ती पुढची. या रोपाला लोह मिळेल की नाही, हे त्याला नत्राचं कोणतं खत घातलं यावरही ठरतं. त्या खतात लोहाचा कणही नसला तरी! आणि हे लोहापुरतंच नाही. स्फुरद, जस्त, मंगल, पालाश, मॅग्नेशियम, इतकंच काय, पाण्यातलं मीठसुद्धा मुळात किती शिरेल, यावर नत्राच्या खताची निवड हात फिरवते.

ज्या गवतावर हे सारं पाहता येतं ते म्हणजे ऱ्होड्स गवत. मूळचं आफ्रिकेतलं, सेसिल ऱ्होड्सच्या नावानं ओळखलं जाणारं. आखाती देशांत उंट, शेळ्या-मेंढ्या आणि गाईंसाठी ते वर्षानुवर्षं मुख्य हिरवी वैरण होतं. पावसाची वर्षाची सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे, विहिरीचं पाणी खारं. तरी हे गवत कापलं की पुन्हा वर येतं, वर्षातून अनेकदा. त्याच्या पानांवर दोन-दोन पेशींच्या अतिसूक्ष्म ग्रंथी असतात. मुळांतून आलेलं जादा मीठ त्या पानाबाहेर टाकतात. खाऱ्या पाण्यावर तग धरण्याचं बळ काही अंशी या ग्रंथींचं आहे. पण प्रत्येक कापणीबरोबर रानातलं नत्रही बाहेर जातं, आणि वाळूत सेंद्रिय पदार्थ बहुधा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणजे परत देण्यासारखं साठवणीत काही नाही. म्हणून कापणी झाली की नत्र घालायचं, हा तिथला रिवाज.

आता प्रश्न, कोणतं नत्र? दुकानात पोती वेगवेगळी असतात, पण मुळाच्या दृष्टीनं मुख्य रूपं तीन. एक नायट्रेट, त्यावर ऋणभार. दुसरं अमोनियम, त्यावर धनभार. तिसरा युरिया, त्यावर कुठलाच भार नाही. साऱ्या गोष्टीची किल्ली या विद्युत्भारात आहे.

वनस्पती मातीतून जे जे उचलते ते बहुतेक भारित कणांच्या, आयनांच्या रूपात उचलते. पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्यावर धनभार. फॉस्फेट, सल्फेट, क्लोराइड यांच्यावर ऋणभार. या सगळ्यांत नत्राचा वाटा प्रचंड. मुळं घेतात त्या आयनांपैकी सुमारे 70 टक्के एकट्या नत्राचे असतात, अमोनियमचे किंवा नायट्रेटचे. आणि मुळाला एक नियम कधीच मोडता येत नाही: आत आलेला धनभार आणि ऋणभार यांचा मेळ बसलाच पाहिजे. हा जमाखर्च दर क्षणाला जुळता राहावा लागतो, बाकी उरवायची सोय नाही.

मग काय होतं पाहा. रोपाला सगळं नत्र अमोनियमच्या रूपात दिलं, तर आत धनभार जास्त येतो. तो जुळवण्यासाठी मूळ हायड्रोजनचे धनभारित आयन बाहेर सोडतं, म्हणजे सरळ भाषेत आम्ल सोडतं. मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर आंबट होतो. नायट्रेट दिलं तर उलटं. नायट्रेट आत घेताना मूळ बाहेरचे हायड्रोजन आयन सोबत ओढतं, आणि मुळाभोवतीचा थर अधिकच विम्ल होतो. मुळाला चिकटलेल्या मातीचा सामू यामुळे दूरच्या मातीहून दोन अंकांपर्यंत वेगळा होऊ शकतो. लोहाचा तो हजार पटींचा नियम आठवा, म्हणजे दोन अंकांची किंमत कळेल. चुनखडीची माती हे आम्ल लगेच मारायला बघते, त्यामुळे तिथे फरक दोन अंकांइतका सहसा होत नाही आणि सगळी लढाई केसभर जाडीच्या पट्ट्यात होते. पण मुळाचं तोंड त्याच पट्ट्यात असतं. त्या केसभर आंबटपणात चुन्यानं जखडलेला स्फुरद सुटतो, लोह, जस्त, मंगल थोडे विरघळतात, आणि केवडा पडलेलं पान हिरवं व्हायला लागतं.

गवतकुळाकडे तर याखेरीज स्वतःचा एक उपाय आहे. 1976 साली जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी दाखवलं की ओट आणि भाताची मुळं लोहाची टंचाई असताना एक पदार्थ मातीत सोडतात, आणि तो लोहाला घट्ट धरून विरघळवतो. पुढे बार्लीच्या मुळांतून असाच पदार्थ वेगळा करून त्याची रचना शोधली गेली. त्याला म्युजिनिक आम्ल म्हणतात. मूळ हे रेणू बाहेर पाठवतं आणि लोहाला धरलेले रेणू अखंड परत आत घेतं. हे चोवीस तास चालत नाही. सूर्य उगवल्यावर थोड्या तासांत एकदम मोठा लोट सोडला जातो, कारण दिवसभर झिरपत राहिलं तर मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतील. डोळे नसलेल्या मुळानं जमिनीखाली सकाळची वेळ पाळावी, यावर विश्वास बसत नाही, पण ते प्रयोगानं सिद्ध झालेलं आहे. या बाबतीत बार्ली सर्वांत उदार, गहू त्याखालोखाल. मका, ज्वारी आणि भात हात आखडता घेणारे. ज्याचा हात आखडता, त्याला खताच्या निवडीचा आधार जास्त लागतो.

तर मग अमिरातीत अमोनियमच घालावं, संपला प्रश्न? नाही संपत. दोन अडचणी उभ्या राहतात आणि दोन्ही त्या वाळवंटानंच निर्माण केलेल्या.

पहिली उष्णतेची. अमोनियम आणि अमोनिया वायू यांच्यात पाण्यात सतत अदलाबदल चालू असते. सामू 8.2 असलेल्या पाण्यात 25 अंश सेल्सियसला शंभरातले आठ भाग अमोनियाच्या रूपात असतात. तेच पाणी 45 अंशांवर तापलं की शंभरातले पंचवीस. आणि अमोनिया थांबत नाही, हवेत जातो. युरियाचं तर याहून अवघड. युरिया मातीत पडला की युरिएज नावाचं विकर त्याचे तुकडे करून अमोनियम बनवतं. हे विकर मातीत सगळीकडे सापडतं. जेम्स समनर यांनी 1926 साली अबईच्या जातीच्या बियांतून त्याचे स्फटिक मिळवले. विकराचे स्फटिक मिळण्याची ती जगातली पहिली वेळ, आणि त्या कामाला 1946 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. युरिया फुटताना दाण्याभोवतीचा सामू चढून 9 च्या घरात जातो. तापलेली वाळू, चुना, त्यात हा चढलेला सामू: वर फोकून दिलेल्या युरियातल्या नत्राचा मोठा हिस्सा गवतापर्यंत न पोचता उडून जाऊ शकतो.

अमोनियम सल्फेट आम्लधर्मी खत, म्हणून ते सुरक्षित असं वाटेल. चुनखडीच्या मातीत तेही पूर्ण सुरक्षित नाही. त्यातलं सल्फेट कॅल्शियमशी जुळून जिप्समसारखं खाली बसतं, मागे उरतो अमोनियम कार्बोनेट, आणि तो अमोनिया सोडतो. म्हणून तिथे खत वर पसरून सोडणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. ते पाण्यात विरघळवून ठिबकमधून थोडं थोडं, मुळांपर्यंत खाली उतरेल असं दिलं पाहिजे.

दुसरी अडचण मिठाची, आणि ही मला जास्त गुंतवून ठेवते, कारण इथे सल्ला चक्क उलटतो. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड भरपूर. सोडियम धनभारित, क्लोराइड ऋणभारित. रोपाला हवा असतो पालाश, पण त्याच्या वाटेत सोडियम आडवा येतो. त्यात अमोनियम घातलं की आणखी एक धनभारित गिऱ्हाईक वाढलं. पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिघांचंही शोषण घटतं. म्हणून अनेक पिकं केवळ अमोनियमवर वाढवली तर खारेपणा कमी सोसतात. नायट्रेट मात्र क्लोराइडशी स्पर्धा करून त्याला मागे रेटतं, आणि स्वतःचा ऋणभार जुळवण्यासाठी पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांना सोबत आत आणतं. कॅल्शियम नायट्रेट असेल तर त्यातला कॅल्शियम मुळाच्या पडद्याला सोडियम आणि पालाश यांच्यात निवड करायला मदत करतो.

म्हणजे चुना सांगतो अमोनियम द्या, मीठ सांगतं नायट्रेट द्या, आणि अमिरातीतल्या शेतात चुना आणि मीठ एकाच जागी. त्यावर वाळूची तिसरी अट. नायट्रेटवर ऋणभार, मातीच्या कणांवरही ऋणभारच, त्यामुळे माती नायट्रेट धरून ठेवत नाही. वाळूतून ते पाण्याबरोबर सरळ खाली जातं. अबू धाबीतल्या लिवाच्या शेतीपट्ट्यात भूजलातलं नायट्रेट वाढल्याचं आढळलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. ज्या देशात गोड भूजल म्हणजे ठेवा, तिथे हे नुकसान पोत्याच्या किमतीत मोजता येत नाही. या तिन्ही अटींतून वाट एकच निघते: दोन्ही रूपं मिसळून, लहान लहान हप्त्यांत, पाण्यातून.

आता मुळापासून गोठ्याकडे चला, कारण वैरणीचं पीक शेतात संपत नाही. गवतानं घेतलेलं नायट्रेट पानात लगेच प्रथिन बनलं तर उत्तम. पण नत्र जास्त झालं किंवा रोपावर ताण आला की नायट्रेट तसंच साठून राहतं. गाईच्या पोटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला निकामी करतं, आणि रक्त चॉकलेटी दिसू लागतं. जनावर श्वास घेत असूनही प्राणवायूवाचून गुदमरतं. दुसऱ्या टोकाला, अमोनियम आणि पालाश यांचा मारा झाला तर गवतातलं मॅग्नेशियम घटतं. थंड हवामानातल्या कुरणांवर यामुळे जनावरांना झटके येतात. 1957 साली नेदरलँड्समधल्या अभ्यासातून एक कसोटी पुढे आली: गवतातल्या पालाशचं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या बेरजेशी गुणोत्तर 2.2 च्या वर गेलं की धोका. वैरण तपासणारे ती आजही वापरतात.

याहून चकित करणारा धागा घोड्याच्या जबड्यापर्यंत जातो. पानात नायट्रेटचं रूपांतर होताना विम्लपणा वाढतो. तो मारण्यासाठी वनस्पती सेंद्रिय आम्लं बनवते. काही गवतांत, आपल्या नेपियरमध्ये आणि अंजन गवतातही, त्यातलं एक मुख्य आम्ल म्हणजे ऑक्झॅलिक. नेपियरवरच्या जपानी प्रयोगांत असं दिसलं की नत्र नायट्रेटऐवजी अमोनियमच्या रूपात दिलं तर ऑक्झॅलेट कमी राहतं. ऑक्झॅलेट पोटात कॅल्शियमला बांधून टाकतं. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू सवय झाल्यावर ते बरंचसं फोडतात. घोड्याला ती सोय नाही. त्याला कॅल्शियम मिळेना झालं की शरीर ते हाडांतून काढून घेतं, आणि चेहऱ्याची हाडं मऊ होऊन सुजतात. ऑस्ट्रेलियात अंजन गवताच्या कुरणांवर चरणाऱ्या घोड्यांत हा आजार नोंदला गेला आहे. खताच्या कणावरचा भार धन की ऋण, याचा दूरवरचा संबंध घोड्याच्या चेहऱ्याच्या हाडाशी! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फुले जयवंत हा नेपियर वाण देताना ऑक्झॅलिक आम्ल कमी असणं हा त्याचा गुण म्हणून सांगितला, त्यामागे हीच काळजी आहे.

अंजन गवताचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं की अमिरातीत त्याचे दिवस परत आले आहेत. ऱ्होड्स गवत भूजल पिऊन टाकतं म्हणून अबू धाबीनं 2010 च्या सुमारास त्याचं अनुदान थांबवायला सुरुवात केली. शारजातल्या अल धैद संशोधन केंद्रावर इकार्डा या संस्थेच्या प्रयोगांत अरबी द्वीपकल्पातलं मूळचं अंजन गवत पाण्याच्या थेंबागणिक ऱ्होड्सपेक्षा सरस ठरलं. तो निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला. दुबईत 1999 पासून काम करणारं आंतरराष्ट्रीय जैवक्षार शेती केंद्र तर खाऱ्या पाण्यावरच वाढणारी गवतं तपासत आलं आहे. गवत बदललं तरी मुळाशी चाललेला हिशेब तोच राहतो. नत्र कोणत्या रूपात द्यायचं हा प्रश्न अंजनालाही चुकलेला नाही.

या गोष्टीत एक मोठा विरोधाभास आहे. युरियाचा जगातला एक मोठा कारखाना याच देशात आहे. अबू धाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे 240 किलोमीटरवर, अल रुवैसला. 1980 साली स्थापन झालेली फर्टिल ही कंपनी तेलक्षेत्रातल्या वायूपासून अमोनिया आणि युरिया बनवू लागली. 2019 पासून ती फर्टिग्लोबचा भाग आहे. हवेतलं नत्र आणि जमिनीखालचा वायू मिळून तिथे पांढरे दाणे तयार होतात, आणि ते जहाजांतून जगभर जातात. ज्या वाळूवर हा कारखाना उभा आहे, तिलाच हे दाणे निष्काळजीपणे फेकलेले सोसत नाहीत.

अमोनियम कितीही जपून दिलं तरी ते अमोनियम राहत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. उबदार, ओल्या मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करून टाकतात, काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. शेतकऱ्यानं निवडलेलं रूप जिवाणू बदलतात. भारतात 2015 पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्याचा एक हेतू हे रूपांतर मंदावणं हा आहे. आणि हे काम एक गवतही स्वतः करतं. जपानमधल्या जिर्कास संस्थेतले जी. व्ही. सुब्बाराव आणि कोलंबियातले त्यांचे सहकारी यांनी 2009 साली दाखवलं की ब्रॅकिएरिया या वैरणीच्या गवताची मुळं ब्रॅकिएलॅक्टोन नावाचा पदार्थ सोडून त्या जिवाणूंना आवर घालतात. नत्र कोणत्या रूपात हवं, हे त्या गवतानं स्वतःच ठरवलेलं असतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शेजारच्या कुरणाकडे कितीतरी वेळ वेगळ्या नजरेनं पाहत राहिलो.

महाराष्ट्राला हे सगळं परकं नाही. आपल्या काळ्या जमिनींचे मोठे पट्टे चुनखडीचे, सामू 8 च्या वर, आणि पाटाच्या पाण्याखाली खारावलेल्या जमिनीही कमी नाहीत. वाळवंटात जे टोकाला जाऊन दिसतं ते इथे सौम्य रूपात चालू असतं. पण आपली निवड बहुधा मुळाकडे बघून होत नाही, किमतीकडे बघून होते. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणून तीच घातली जाते, आणि नेपियरच्या वाफ्यात ती वरच फोकली जाते. स्वस्त युरिया घालायला हरकत नाही. पण चुनखडीच्या रानात तो मातीआड करा किंवा लगेच पाणी द्या. नत्राचा काही हिस्सा अमोनियम सल्फेटमधून द्या. त्यात 21 टक्के नत्र असतं आणि सुमारे 24 टक्के गंधकही मिळतं. पाणी खारं असेल तर एखादा हप्ता नायट्रेटचा ठेवा. जनावरांसाठी पीक असेल तर नत्र घातल्यावर लगेच कापणी करू नका. आणि पोतं उघडण्याआधी त्याच्यावरची बारीक छपाई वाचा. एकूण नत्र किती टक्के एवढ्यावर थांबू नका. त्यातलं अमोनियम किती, नायट्रेट किती आणि युरियाच्या रूपातलं किती, हे पुष्कळ विद्राव्य खतांच्या पोत्यांवर वेगवेगळं लिहिलेलं असतं.